गुडघ्यांचे दार

सडेकोंडच्या टेकडीवर साहेबाचा जुना बंगला जपून ठेवलेला आहे. जांभ्याचा चौथरा, भोवती रुंद व्हरांडा, सागवानी तुळयांवर कौलारू छप्पर. सगळी दारे घोडेस्वार जाईल एवढी उंच. फक्त पूर्वेचे आणि पश्चिमेचे, समोरासमोरची दोन दारे बुटकी. बंगला दाखवणारे बाळातात्या तिथे पाहुण्यांना थांबवतात.

"वाका, नायतर कपाळाला परसाद मिळंल," म्हणतात आणि मग गोष्ट सांगतात.

हा बंगला उठला तो शिमग्याच्या पालखीच्या वाटेवरच, असे सांगतात. भैरीदेव एकदा खांद्यावर चढला की सहाणेवर, म्हणजे त्याला टेकवायच्या चौथऱ्यावर, पोचेपर्यंत खाली टेकत नाही, मागे फिरत नाही. गवंडी भागोजी साहेबाच्या कामावर होता आणि पालखीच्या पुढच्या खांद्याचा मानकरीही तोच. त्याने साहेबाला विनवून त्या वाटेवर पालखीच्या मापाची, देवापुरती दोन दारे मिळवली आणि गावाला शब्द दिला, "देव अडला, तर माझ्या घराण्यानं पालखीचा खांदा सोडला."

दारे बसली, तरी भागोजीचा जीव थाऱ्यावर नव्हता म्हणे. घडोघडी उंबऱ्याशी जाई, सूत लावी, परत येई. काय चुकले ते उमगेना. पालखीच्या दिवशी त्याची बायको सखू फरशी धुवायला डोक्यावर हंडा घेऊन आली आणि दाराशी थबकली.

"देवाचं माप कुठं घेतलंत?"

"देवळात."

"बसल्या देवाचं? नि खांदा मोजलात काय?"

भागोजीला चूक उमगली. चौरंगावरची पालखी त्याने मोजली होती, खांद्यावरची नाही. वरचा दगड काढावा, तर छपराची तुळई त्याच्यावरच टेकलेली. खाली ढोल वाजू लागले. तो अर्धी टेकडी उतरला, परत चढला, पुन्हा उतरला. शेवटी खांदा द्यावाच लागला.

पालखी वर आली. कळस दगडाला थटला. ढोल थांबले.

"भागोजी, देव फिरवायचा काय?" मागच्यांनी विचारले.

सखू हंडा घेऊन दाराशीच उभी होती. डोक्यावरच्या हंड्याला हात न लावता तिने गुडघे टेकले आणि तशीच आत सरकली. पाणी हिंदकळले नाही. भागोजीने ते पाहिले आणि तोही गुडघ्यांवर आला. मागोमाग सगळे. साहेब आपली खुर्ची आपणच उचलून बाजूला झाला म्हणे. देव खांद्यावरून न उतरता पश्चिमेच्या दारातून बाहेर पडला.

आजही शिमग्याला त्या फरशीवर गुडघे सोलवटतात, पण दार वाढवा असे कोणी म्हणत नाही. भागोजीच्या घरची सून भरला हंडा डोक्यावर घेऊन उंबऱ्याशी उभी राहते.

"खांदा मोजलात काय?" ती विचारते.

पुढचा मानकरी गुडघे टेकतो.