दस्तगीरबाबाची काडी

फार फार वर्षांमागं तांबखडीच्या जत्रेत बैलगाड्या सुटायच्या त्या सुभेदार बयाजींच्या पिस्तुलावर. लढाईवरून आणलेलं जुनं पिस्तूल. चाप ओढला की एक बार, आणि गाड्या भन्नाट. तो मान सुभेदारांचा.

एका जत्रेत मात्र चाप ओढला एकदा आणि बार निघाले दोन. पहिल्याला पुढच्या गाड्या सुटल्या. दुसऱ्याला, मागं नंबर लावून उभी असलेली जोडी उधळली ती थेट भज्यांच्या पालात.

"सुभेदार, हात कापतोय व्हय?" गाडीवान हसले. "पुढल्या साली असंच झालं तर बार आम्ही काढू. तुम्ही मांडवात बसून पेढं खावा."

त्या दिवसापासून सुभेदारांना घास गोड लागेना. सारखा हात पसरून बघायचे, खरंच कापतोय का. शेवटी पिस्तूल फडक्यात बांधून ते दस्तगीर शिकलगाराकडं गेले. झालेलं सगळं सांगितलं.

दस्तगीरबाबा हत्यारं ठोकून ठोकून ठार बहिरा झालेला. ओठ बघून बोलणं ओळखायचा. पण लोखंडाचं बोलणं तो दातांनी ऐकायचा, असं म्हणतात. बाभळीची काडी दातात धरून भिंतीला टेकवली, तर पलीकडच्या घरात मुंगी माळ्यावर चढतेय का उतरतेय, ते सांगायचा.

त्यानं आधी पिस्तूल रिकामं केलं. सुभेदारांनाही आत बघायला लावलं. मग काडी मुठीला टेकवून घोडा मागं ओढला आणि सावकाश चाप दाबला. पुन्हा ओढला, पुन्हा दाबला. उंबऱ्यातलं ऊन चुलीपाशी गेलं तरी त्याचं आपलं चाललेलंच.

"सुभेदार, घोडा अडवून धरणारी आत एक खिटी असती. तिनं 'कट' म्हणायला पाहिजे. ही 'सुर्र' म्हणतीया. कड झिजलीया, म्हणून घोडा घसरून आपसूक दुसरा बार काढतोय. कुणी घासली?"

सुभेदारांचे कान लाल झाले. दर खंडेनवमीला पूजेआधी ते पिस्तूल उघडून विटेच्या भुकटीनं आतबाहेर लख्ख घासायचे. देवापुढं मळकं हत्यार कसं ठेवायचं?

"मीच," ते पुटपुटले.

बाबा खदखदून हसला. "मग हात कुठला कापतोय! लईच दमदार हाय की!"

कितीतरी दिवसांनी सुभेदारही हसले.

बाबानं मोडक्या कट्यारीच्या पोलादातून नवी खिटी घडवली. ती जागेवर बसली तेव्हा 'कट' असा आवाज झाला, आणि झाडावरचे पोपट गप्प झाले, असं म्हणतात.

पुढल्या जत्रेत सुभेदारांनी हात वर केला. चाप ओढला. एक बार! सगळा माळ कानात बोटं घालून दुसऱ्याची वाट बघत राहिला. दुसरा आलाच नाही. तेवढ्यात बैल रिकाम्या गाड्या घेऊन शर्यत संपवून परत आले आणि गाडीवान अजून कानात बोटं घालून उभेच, असं म्हणतात.

आजही खंडेनवमीला तांबखडीत कुणी हत्यार घासत नाही. तेलाच्या फडक्यानं पुसायचं, बाभळीची काडी दातात धरून ऐकायचं आणि मगच फूल वाहायचं. गेल्या साली सुभेदारांच्या पणतीनं शिलाई मशीनला काडी लावली. सगळं घर श्वास रोखून उभं.

"कट म्हणतंय!" ती म्हणाली, आणि झेंडू वाहिला.