राजाच्या गादीवर बसलेलं पिल्लू

गोजरानं पाळलेलं कोंबडीचं पिल्लू भर दरबारात राजाच्या गादीवर शिटलं आणि वर तिथंच पंख फुलवून आरामात बसलं!

"कापा त्याला," राजा चंद्रभान गरजला. "आज रात्री याचाच रस्सा."

आचारी सुरी घेऊन धावत आला. त्यानं पिल्लू उलटं केलं, सुलटं केलं आणि डोकं खाजवलं. "सरकार, हा कोंबडा आहे की कोंबडी? कोंबड्याचा रस्सा करतो, कोवळ्या कोंबडीचं सुकं. मसाला कुठला वाटू?"

राजाला एकदा प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत जेवण जात नसे, आणि तो दुसऱ्यालाही जेवू देत नसे. त्यानं वैद्यबुवांना पुढं बोलावलं. त्यांनी पिल्लाच्या पायाला रेशमी दोरा बांधून नाडी पाहिली. "कोंबडी. नाडी लाजरी आहे." ज्योतिषीबुवांनी बोटं मोजली. "कोंबडाच. पत्रिकेत सूर्य बळकट आहे." सेनापतींनी तलवार उपसली. पिल्लानं मुठीचा गोंडा टोचला, तेव्हा ते म्हणाले कोंबडा. मग पिल्लू ची-ची करत वैद्यबुवांच्या पगडीवर चढलं, तेव्हा म्हणाले कोंबडी.

पिल्लाच्या मागं धावत गड चढून आलेली गोजरा दाराशी उभी होती. गडाखालच्या मोळीविक्याची ही पोर. बाकीची सगळी पिल्लं घारीनं नेली होती, हे एवढंच तिनं पदराखाली घेऊन वाढवलेलं. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"तुझं का हे?" राजानं तिला पाहिलं. "मग तूच सांग. बरोबर आलं तर पिल्लू घेऊन जा. चुकलं तर रस्सा."

खरं तर गोजरालाही ठाऊक नव्हतं. तुरा अजून फुटायचा होता, आरवणं तर लांबच. पण इथं गप्प बसून भागणार नव्हतं.

"सांगते की. पर मी बरोबर का चूक, ते कोन ठरवनार?"

"मी."

"म्हंजी महाराजांना ठावं हाय?"

राजा कात्रीत सापडला. ठाऊक आहे म्हणावं, तर मग सकाळपासून दरबार उपाशी कशाला ठेवला? नाही म्हणावं, तर निवाडा कसा करणार? प्रधानजी उगाच खोकले.

"दिवसच ठरवतील," राजा चिडून म्हणाला. "आरवलं तर कोंबडा, अंडं घातलं तर कोंबडी."

"मग तवर त्यानं जगाया नगं? रश्शातनं कसं आरवंल?"

दरबारात खसखस पिकली. राजानं मिशी चावली. "बरं, जगू दे. पण तोवर ते वाड्यात राहील."

"वाड्यात नगं महाराज. हितं आचारी हाय."

आचाऱ्यानं हळूच सुरी पाठीमागं लपवली.

"असू दे तुझ्याकडं. आता उत्तर दे."

"कोंबडा," गोजरा म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

राजाचे डोळे चमकले. आता पोर सापडली, असं त्याला वाटलं. "आणि यानं अंडं घातलं, म्हणजे तुझं उत्तर चुकलं. मग मात्र मी रस्सा करणार. तेव्हा रडायचं नाही."

"न्हाई रडत. करा की रस्सा. पर महाराज, अंड्यावर आल्याली कोंबडी कुनी कापतं व्हय?"

त्या मुलखात गरीब असो की श्रीमंत, अंड्यावरच्या कोंबडीला कुणी सुरी लावत नसे. राजानं आचाऱ्याकडं पाहिलं. "तू कापशील?"

आचाऱ्यानं कानाला हात लावले. "अंड्यावरची कोंबडी? सरकार, आई मला घरात घ्यायची नाही."

राजा बोटांवर हिशेब करू लागला. आरवलं, तर पोरीचं उत्तर बरोबर आणि पिल्लू तिचं. अंडं घातलं, तर उत्तर चूक, पण कापणार कोण? त्यानं पुन्हा पहिल्यापासून जुळवून पाहिलं. तरीही तेच आलं.

"म्हणजे काही झालं तरी मला काहीच नाही?" तो हिरमुसून म्हणाला.

"असं कसं? चुकले तर चुकल्याचा दंड भरीन की. पयलं अंडं महाराजांना."

राजा असा हसला, असा हसला, की पोट धरून गादीवर आडवाच झाला, आणि तिथली ओली जागा अंगरख्याला लागली तरी त्याला पत्ता नव्हता. डोळे पुसत त्यानं गोजराला चांदीचे पैंजण दिले, पिल्लासाठी कोठारातून पोतंभर कण्या दिल्या आणि दरबार जेवायला सोडला.