फिर्याद नगराची

खूप वर्षांपूर्वी एका नगरात न्यायाची एक अजब रीत होती. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानेच कचेरीतल्या ओट्यावर उभं राहून फिर्याद सांगायची. ओटा रिकामा राहिला की खटला मिटला. मग काय, दांडगे लोक आदल्या दिवशी फिर्यादीच्या घरी जाऊन डोळे वटारायचे आणि दुसऱ्या दिवशी ओटा हमखास रिकामा!

राणीला याचा वीट आला. तिने एक सरकारी वकील नेमला. माणूस काडीसारखा, पण आवाज खणखणीत.

पहिलाच खटला आला तो एका कासारणीचा. सरदाराच्या मुलाने भर बाजारात तिच्या अंगावर घोडा घातला होता. बांगड्यांचा चुरा झाला, तिचा हात मोडला. पण खटल्याच्या दिवशी ती वकिलाला म्हणाली, "दादा, मिटवा हे. सरदाराची माणसं घर जाळू म्हणतात. माझी काही तक्रार नाही."

"बाई, तुम्ही घरी बसा," वकील म्हणाला. "राणीचे शिपाई तुमच्या दाराशी राहतील."

आणि तो स्वतःच ओट्यावर चढला.

सरदाराचा मुलगा खो खो हसला. "तुझा हात मोडलाय का रे?"

"बाजारचा रस्ता सगळ्या नगराचा आहे," वकील म्हणाला. "तिथे एकाचा हात मोडला, तर फिर्याद नगराची. ती मागे घेणं आता बाईंच्याही हातात नाही."

मग कोपऱ्यातून नालबंद उठला. "नगराची फिर्याद असेल तर ती माझीही आहे. त्या दिवशी या घोड्याच्या खुरातून हिरव्या काचा मीच काढल्या." त्याच्या मागोमाग फुलवाली उठली. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता लोकांना चेव आला. "मागच्या वर्षी बाजाराला आगही यानेच लावली, तेही सांगा!"

वकील त्यांच्याकडे वळला. "पुरावा आहे?"

"पुरावा नाही, पण सगळे तसंच म्हणतात," मागून एक जण म्हणाला.

"मग मी ते म्हणणार नाही. नगराच्या नावाने खोटं बोलायला मला नेमलेलं नाही."

न्यायाधीशाने सिद्ध झालं तेवढ्याच गुन्ह्याची शिक्षा दिली. सरदाराचा मुलगा वर्षभरासाठी कैदेत गेला.

बातमी कळताच कासारीण धावत आली. "दादा, माझ्यासाठी तुम्ही सरदाराशी वैर घेतलंत!"

"तुमच्या एकटीसाठी नाही, बाई," वकील हसून म्हणाला. "उद्या सरदाराच्या मुलाचा हात कोणी मोडला, तर त्याच्यासाठीही मी असाच उभा राहीन."

असा माणूस आपल्या नगरात होऊन गेला, हे तिथले लोक आजही छाती फुगवून सांगतात.

तात्पर्य: एकावर झालेला गुन्हा सगळ्यांवरच झालेला असतो, आणि सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्याने खऱ्याच्या पलीकडे एक शब्दही बोलायचा नसतो.