ठकूमायचं बेट

मंडळी, आधी एक सांगा. हात मोडला तर तुम्ही भरवसा कुणावर ठेवाल? "चुटकीत बरा करतो" म्हणणाऱ्यावर, की "हाड आपलं आपण जुळतं, मी नुसतं सरळ धरते" म्हणणारीवर? आमच्या पेठेत एक तूपवाला यायचा. कुणी काही विचारायच्या आत देवाची शपथ घ्यायचा. माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात त्याच्याकडून पावशेर तूप घेतलं नाही. तेव्हा उत्तर तुमचं तुम्ही ठरवा, मी आपली गोष्ट सांगतो.

फार वर्षांपूर्वी, ढवळखिंडीतून गाडीरस्ता व्हायच्या कितीतरी आधी, घाटमाथ्यावरच्या मोरघळ गावात ठकूबाई नावाची हाडवैदीण राहायची. खिंडीतून बैलांच्या पाठीवर धान्य खाली कोकणात उतरायचं आणि मीठ वर चढायचं. वाट निसरडी, त्यामुळे कुणी ना कुणी घसरायचंच, आणि त्याला उचलून ठकूबाईच्या अंगणात आणायचे. मोडल्या जागी कान लावला की हाड कुठे तडकलंय ते तिला ऐकू यायचं, असं म्हणतात. एका बैलाचा पाय तिने बांधला, तर तो बैल पुढे जन्मभर तिच्या दारावरून जाताना मान लववून जायचा, असंही म्हणतात. मीठवाले काय, चढ संपेपर्यंत काहीही सांगतील. पण इतकं खरं, की कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कामट्या लावून, वर पट्टी गुंडाळून ती प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची, "बांधलंय. आता विसर."

ठकूबाईला एकच लेक, साळू. नवरा कधीच गेलेला. साळूचं लग्न खिंडीखालच्या तळकांबे गावात झालं. लेकीला खिंडीच्या तोंडाशी निरोप देऊन परत येताना ठकूबाईचा पाय घसरला आणि उजवा हात कोपराखाली मोडला. तिनेच तो सरळ केला, डाव्या हाताने कामट्या लावल्या आणि दातांनी गाठ आवळली. दीड महिन्यात हाड जुळलं. ते तिच्याइतकं कुणाला कळणार?

दुखणं मात्र गेलं नाही.

मग ती त्याच्या मागे लागली. शेक झाला, लेप झाले, तापल्या सळईचा डाग झाला, देवीला नवस झाला. सकाळी डोळे उघडले की पहिलं काम म्हणजे अंगठ्याने हात दाबून बघायचा, दुखतोय का. दाबला की दुखायचाच. मग कामट्या पुन्हा घट्ट. असं एक वर्ष नाही, सहा वर्षं चाललं.

तळकांब्याहून मीठवाल्यांबरोबर साळूचा निरोप यायचा. "आई, मला दिवस गेलेत, ये." ठकूबाई उलट निरोप धाडायची, "हात बरा झाला की येते." पुढे निरोप आला, "मुलगी झाली, ये." उत्तर तेच. "पोरगी चालायला लागली." उत्तर तेच. शेवटी एका मीठवाल्याने गोणी उतरवता उतरवता सांगितलं, "मावशी, तुमची नात विचारत होती, आजी म्हणजे नक्की काय असतं?"

त्या दिवशी ठकूबाईला जेवण गेलं नाही. आपण हाताची वाट बघत बसलो आणि पोर आपल्याविना मोठी होणार, हे तिला लख्ख दिसलं. पण उठवेना. वाटेत हात आणखी बिघडला तर?

दुसऱ्या दिवशी बमू गवळी लोणी घेऊन आला. डोंगरातला म्हातारा, तोंडाने फटकळ. त्याचा पाय कधीकाळी तिनेच बांधला होता.

"काय गं ठके, कामट्या अजून?"

"दुखतंय, बमूदादा."

"हाड जुळलं न्हाई?"

"हाड कधीच जुळलं."

"मग बांधून काय ठेवलंस? माझा पाय बांधलास तवा मी घटकेघटकेला बोट घालून बघायचो. तू म्हणालीस, पेरलेला दाणा रोज उकरलास तर उगवंल का रं रेड्या? मला रेडा म्हणालीस. आता तुला काय म्हणू?"

"म्हैस म्हण," ती म्हणाली. मग चिडली. "म्हणजे माझं दुखणं खोटं?"

"खोटं कोण म्हणतंय? माझ्या कुत्र्यागत झालंय त्येचं. एकदा वाघ येऊन गेला, तवापास्नं पान हाललं तरी भुंकतंय. भुंकणं खरंच हाय. वाघ न्हाई."

"मग गप कसं करू त्याला?"

"मी वरडत सुटलो ना, गप गप म्हणून, तर त्याला वाटतं मालकालाबी वाघ दिसला. आता मी आपला ताक घुसळत बसतो. भुंकून भुंकून ते झोपतं." लोण्याचा गोळा ठेवून बमू निघून गेला.

ठकूबाई कामाची बाई. तिने विसरायचं कामच काढलं! हातावर पदर टाकला, म्हणजे दिसायला नको. मोठ्याने ओव्या म्हटल्या, म्हणजे आठवायला नको. आणि रोज सकाळी अंगठा दाबायच्या ऐवजी स्वतःला विचारायची, "विसरले का मी?" आता विचारलं की आठवणारच. महिनाभर एवढं विसरून विसरून हात पूर्वीपेक्षा जास्त ठणकायला लागला.

मग एका सकाळी ती उंबऱ्यावर बसली आणि तिच्या लक्षात आलं, आता काहीच उरलं नाही करायला. तिला हसू आलं, रडूही आलं. हाताकडे बघून दुखण्यालाच म्हणाली, "बाई, मी दमले. तुला दुखायचं तर दुख, राहायचं तर राहा. मी साळूकडे चालले." आणि नाचणीच्या चार भाकऱ्या बांधून, कामट्यांसकट, खिंड उतरायला लागली.

पहिल्या वळणावर हात दुखला. दुसऱ्या वळणावर जास्त दुखला. ठकूबाई म्हणाली, "ये, चल, तुलाही नात दाखवते." पुढे ती आणि तिचं दुखणं, दोघींनी एकमेकींना घाई केली नाही. अर्ध्या वाटेवर झरा आहे. तहान लागली होती. ती वाकली, ओंजळ भरली, पोटभर प्याली. तोंड पुसताना तिला दिसलं, ओंजळ दोन्ही हातांची होती.

तिने कामट्या सोडल्या आणि झऱ्याकाठच्या चिखलात खोचून दिल्या. सहा वर्षं वाळलेला तो कळक, पण पुढच्या हंगामात त्याला कोंब फुटले आणि त्याचं बेट झालं, असं म्हणतात. तिथेच दुखणं कायमचं पळालं, असंही काही जण सांगतात. ठकूबाई स्वतः तसं म्हणायची नाही. ती म्हणायची, "छे, पुढच्या वळणावर आलं की परत! मी म्हटलं, आलीस? बरं झालं, चल."

तळकांब्यात पोहोचली तेव्हा अंगणात एक पोरगी कोंबड्या हाकत होती. पोरगी थांबली, वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तू कोण?" ठकूबाईने तिला उचलून घेतलं. साळू दारातून धावत आली आणि ओरडली, "आई, हात!"

पुढे लोक हटकून विचारायचे, नातीला उचललं ते कुठल्या हाताने? ठकूबाई म्हणायची, "अहो, ते बघायचं राहूनच गेलं."

दुखणं मग येईनासं झालं. कधीपासून, ते तिला कधीच सांगता आलं नाही. त्यानंतरही तिने पुष्कळ हाडं बांधली, आणि गाव तिला ठकूमाय म्हणायला लागलं.

ते बेट आजही आहे. ताजं हाड मोडलं असेल, नवं दुखणं असेल, तर मोरघळची माणसं आधी जाणत्या वैद्याला दाखवतात. कामट्यांपुरता कळक बेटातून तोडतात, एरवी कुणी कोयता लावत नाही. पण हाड जुळूनही ज्याचं दुखणं जुनं झालंय, तो चैत्रात एक दिवस झऱ्यावर जातो. तिथे नवस बोलायचा नाही, काही मागायचं नाही. त्या दिवशी अख्ख्या गावात कुणी कुणाला "आता कसं वाटतंय?" विचारत नाही. ओंजळीने पाणी प्यायचं आणि ज्याच्याकडे जायचं कित्येक दिवस राहून गेलंय, त्याच्या घरी भाकरी घेऊन जायचं. बस.

माझं मागणं एवढंच आहे, मंडळी. माणूस दुखण्याचा हिशेब ठेवतोच, नको म्हटलं तरी ठेवतो. तर तो खरा ठेवा. सकाळी दुखलं, लिहा. दुपारी शेजारणीशी गप्पा मारताना घटकाभर दुखल्याचं ध्यानातच नव्हतं, तेही लिहा. दुखणं उगाच वाढवू नका आणि मिळालेला आराम दडवू नका.