गुरुवारची पंगत

दर गुरुवारी डब्याच्या सुट्टीत शाळेच्या पडद्यावर व्हिडिओ कॉलवरून केनियातली मुलं गप्पांना यायची. त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब सगळ्या मुलींना कॅमेऱ्यासमोर एकाच पंगतीत जेवायला बसवायचे. एरवी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची सारिका आणि तिच्या मैत्रिणी पायरीवर वेगळ्या बसत.

वर्षाअखेरीस तात्यासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले, “आमच्या मुली जगाच्या नागरिक झाल्या. अक्षदा, शाळेसाठी काय हवं ते माग.”

मुलींची प्रतिनिधी अक्षदा उठली. “साहेब, कॅमेरा रोज चालू ठेवा. तो बंद झाला की सारिका पायरीवर जाते.”

तात्यासाहेबांची मान खाली गेली. अक्षदाला मात्र जिंकल्यासारखं वाटेना. वर्षभरात कॅमेरा नसलेले इतके शुक्रवार आले नि गेले. सारिकाला हाक मारायला तिलाही कुणी अडवलं नव्हतं.