हरणाऱ्या संघाचा माणूस

एकदा एक बारदानाचा व्यापारी आपल्या वृद्ध गुरुजींकडे विलक्षण मागणी घेऊन आला. गुरुजींकडे लोक येत ते मनःशांती मागायला, क्रोध आवरण्याचा उपाय विचारायला, फार तर मुलाचे चित्त अभ्यासात कसे लागेल हे जाणून घ्यायला. हा मनुष्य म्हणाला, "गुरुजी, माझी आशा मारून टाका. मुळासकट."

व्यापाऱ्याचे नाव पारिसा मगदूम. नदीकाठच्या अंबपेठेत त्याचे पोत्यांचे दुकान होते. लहानपणी तो गुरुजींच्या शाळेत शिकला, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावरही दर गुरुवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर येऊन बसत असे. अबोल, सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाला कसली आशा जाळत असेल, याचे गुरुजींना नवल वाटले.

"कशाची आशा?" त्यांनी विचारले.

पारिसाने मान खाली घातली. एवढ्या वयाच्या माणसाने हे सांगायचे म्हणजे लाजच होती.

"कबड्डीची," तो म्हणाला.

हे ऐकून कोणी हसेल. हसू द्यावे. ज्याच्या वाट्याला हे दुःख आले नाही त्याला ते पोरकट वाटणारच. गुरुजी मात्र हसले नाहीत.

अंबपेठेच्या संघाचे नाव जयवंत क्रीडा मंडळ. दर माघात शाळेच्या मैदानावर आठवडाभर बारा गावांचे सामने होत आणि जिंकणाऱ्या संघाला चांदीची ढाल मिळे. जयवंत मंडळाला ती पंचेचाळीस वर्षांत एकदाही मिळाली नव्हती. तीनदा ते अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि तिन्ही वेळा हरले. एकदा तर प्रतिपक्षाचा सर्वोत्तम खेळाडू तापाने फणफणलेला होता, तरी हरले. एकदा शेवटची चढाई करून गुण घेऊन परत येणाऱ्या त्यांच्याच गड्याचा पाय आनंदाच्या भरात रेषेबाहेर पडला. आसपासच्या गावांत, एखादी गोष्ट कधीच व्हायची नसली की लोक म्हणत, "होईल, होईल, जयवंताला ढाल मिळाली की होईल."

"हरण्याचं एवढं काही नाही, गुरुजी," पारिसा म्हणाला. "सवय झाली. पण गेल्या माघात जे झालं, ते काही केल्या आतून जात नाही."

मग त्याने सांगितले ते असे.

त्याचा थोरला भाऊ भूपाल, ज्याला तो अण्णा म्हणे, गेल्या माघात अंथरुणाला खिळला होता. वैद्यांनी आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पारिसा रात्रंदिवस त्याच्या उशाशी असे. पारिसाला बोट धरून कबड्डीच्या मैदानावर पहिल्यांदा नेले ते याच अण्णाने. त्या दिवशी देवरान गावाच्या संघाशी उपांत्य सामना होता. देवरान म्हणजे दर दोन वर्षांनी ढाल नेणारा संघ. दुपारी अण्णा म्हणाला, "तू जा. माझ्या वाटणीचंही बघून ये." पारिसा नको म्हणत होता. अण्णाने डोळे वटारले, तेव्हा तो गेला.

शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा जयवंत चार गुणांनी पुढे होते. पुढे काय घडले ते पारिसाने सविस्तर सांगितले नाही. संघ हरला. एका गुणाने.

"घराकडे येताना मी ठरवलं, की खोटं बोलायचं. सबंध आयुष्य ज्यानं वाट बघितली, त्याला जाताना तरी एकदा जिंकू द्यायचं. तोंड हसरं केलं, उशाशी बसलो आणि म्हणालो, अण्णा, जिंकलो. त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, जिंकलो असतो तर आपल्या पेठेत हलगी वाजली असती रे."

पारिसा पुढे सांगू लागला.

"मग विचारलं, किती गुणांनी? मी म्हणालो, एका. तो म्हणाला, हं. आणि भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. मधे आम्ही काहीच बोललो नाही. माझ्या भावाशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे एक खोटं, आणि तेही मला जिंकता आलं नाही."

गुरुजींनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"आता मला तिकडं जायचं नाही," पारिसा म्हणाला. "पण पौष लागला की नदीकाठी त्यांचा सराव सुरू होतो. 'कबड्डी, कबड्डी' असा आवाज दुकानापर्यंत येतो आणि पोतं शिवताना हातातला दाभण थांबतो. अण्णा वाट बघत गेला, तरी मन म्हणतं, यंदा बघ, यंदा नक्की. मला या मनाची किळस येते, गुरुजी. याला मारा."

त्या ओसरीवर अनासक्तीवर किती निरूपणे झाली असतील, याची गणना नाही. पारिसाची अपेक्षा होती की आताही तसेच काही ऐकायला मिळेल. पण गुरुजी म्हणाले,

"येत्या माघात तू देवरानच्या बाजूला बस."

पारिसाला वाटले, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. "देवरानच्या? त्यांच्या लोकांत?"

"त्यांच्या लोकांत. ते गुण मिळवतील तेव्हा टाळी वाजव. जिंकले तर आनंद कर."

"गुरुजी, हा द्रोह होईल."

"होईल," गुरुजी म्हणाले. "तरी बस."

गुरूची आज्ञा म्हणून पारिसाने ती पाळली. माघात देवरान आणि जयवंत पुन्हा समोरासमोर आले. पारिसा मैदानाला वळसा घालून पलीकडे गेला आणि डोक्यावरचा टॉवेल पुढे ओढून देवरानच्या गर्दीत बसला. देवरानने पहिला गुण घेतला. सभोवती टाळ्यांचा कडकडाट झाला. पारिसाचे हात मांडीवरून उठले नाहीत. दुसऱ्या गुणाला त्याने ते उचलले. पाचव्या गुणाला ते आपोआप वाजू लागले, आणि त्या आवाजाने तो स्वतःच दचकला. जयवंत मंडळ त्या दिवशी फारच वाईट खेळले. कर्णधार हिंदुराव, वीटभट्टीवर काम करणारा छत्तीस वर्षांचा गडी, एकटाच झुंजत राहिला. चढाईला जाई, धरला जाई, उठे, पुन्हा जाई. अकरा गुणांनी सामना गेला.

हलग्या कडाडल्या. गुलालाची मूठ पारिसाच्या कपाळावर येऊन पडली. शेजारी बसलेल्या एका धिप्पाड केळीवाल्या बागायतदाराने त्याला छातीशी धरले आणि तोंडात पेढा कोंबला.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"इकडचाच," पारिसा कसाबसा म्हणाला.

"यंदा काय मजा नाही आली बघा," बागायतदार मिशा पुसत म्हणाला. "लईच कच्चे निघाले हे. गेल्या साली निदान एका गुणावर आणलं होतं, जीव नुसता खालीवर. काय रंगलं होतं ते! असं पाहिजे. चला, भूक लागली."

आणि तो गेला. गेल्या सालचा तो एक गुण या माणसाच्या दृष्टीने एक रंगलेली दुपार होती. पारिसाने पलीकडे पाहिले. जयवंतच्या बाजूची माणसे केव्हाच पांगली होती. सतरंज्या गुंडाळल्या जात होत्या. हिंदुराव मातीत बसला होता आणि त्याचे डोके गुडघ्यांत होते. त्याच्याजवळ कोणीही नव्हते. पारिसाचे पाय तिकडे वळले, मग थांबले. कपाळावर गुलाल घेऊन तिथे कसे जावे?

तो तडक गुरुजींकडे गेला. गुरुजी ओसरीवर पावटे सोलत बसले होते. त्यांनी त्याच्या कपाळाकडे पाहिले.

"जिंकलास?"

"जिंकलो."

"मग?"

"मला तिथं रडताही येईना, गुरुजी."

गुरुजींनी सूप बाजूला सारले. ते म्हणाले, "पारिसा, आपण विजयाचे भुकेले आहोत असे तुला वाटत होते. तसे असते तर आज तुझे पोट भरले असते. भुकेल्याला भाकरी कोणाच्या चुलीवरची हे विचारावे लागत नाही. तुला विजय नको आहे. तुझी माणसे जिंकलेली तुला हवी आहेत. फळाची आशा सोड, असे मी आजवर शेकडो लोकांना सांगितले. तुलाही सांगितले असते. पण तुझी आशा फळाला बांधलेली नाही रे. ती माणसांना बांधलेली आहे, त्यांतला एक तर आता राहिलाही नाही. ती तोडायची म्हणजे त्यांनाच तोडायचे. आज पलीकडे बसून तू तेच करून पाहिलेस."

"आपल्याला हे आधीच ठाऊक होतं?"

"नाही. मला वाटले होते, कदाचित तू हसत परत येशील. मग अनासक्तीची वाट मीच तुला विचारली असती."

पारिसाने विचारले, "म्हणजे याला उपाय नाही?"

"नाही."

यापुढे गुरुजी आणखी काही सांगतील, असे त्याला वाटले. आजवर प्रत्येक 'नाही' नंतर त्यांनी काही ना काही सांगितले होते. गुरुजींनी सूप पुन्हा पुढे ओढले, दोन शेंगा सोलल्या, आणि हात थांबवून म्हणाले, "डॉक्टरांनी तुला भूपालचे केव्हा सांगितले?"

"दिवाळीतच. फार तर माघापर्यंत, म्हणाले."

"मग तो बरा होईल, अशी आशा तुला नव्हती."

"नव्हती."

"तरी उशाशी बसत होतास. कशासाठी?"

"ठाऊक नाही," पारिसा म्हणाला.

"मलाही ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "पण तसे बसायला आशा लागत नाही, एवढे तू करून दाखवले आहेस."

पुढच्या माघात पारिसा आपल्या जागी जाऊन बसला. त्याने कोणताही नवस केला नाही. यंदा जिंकतील, असे त्याला वाटले नाही आणि तसे वाटत नाही याचेही त्याला दुःख झाले, कारण ती आशाच काय ती त्याची आणि अण्णाची सामाईक गोष्ट उरली होती. जयवंत मंडळाची गाठ पहिल्याच फेरीत एका छोट्या वाडीच्या नवख्या संघाशी पडली. त्या संघाला अजून धड गणवेशही नव्हता. त्यांच्याकडूनही जयवंत हरले. मध्यंतरानंतर माणसे उठून जाऊ लागली. शेवटची शिटी झाली तेव्हा त्या बाजूला एकटा पारिसा होता.

हिंदुराव लंगडत आला आणि त्याच्या शेजारी सतरंजीवर बसला. गुडघ्याला फडके बांधलेले होते, ते त्याने सोडले.

"हा शेवटचा, काका," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत, आता बास. अठरा वर्षं झाली."

पारिसाने मान हलवली.

थोड्या वेळाने हिंदुराव मैदानाकडे पाहतच म्हणाला, "गेल्या साली तुम्ही तिकडं बसला होता. मी बघितलं होतं."

गुरुजींची आज्ञा, आपली परीक्षा, सारे सांगून टाकावे असे क्षणभर त्याच्या मनात आले. पण ते त्या माणसापुढे फार क्षुद्र वाटले.

"होय," तो म्हणाला. "बसलो होतो."

तो शिव्यांची वाट पाहत राहिला. त्या आल्या नाहीत.

"कसं असतं हो तिथं?" हिंदुरावने विचारले. "म्हणजे जिंकल्यावर? आम्ही काय, कधी..." त्याने वाक्य पुरे केले नाही. आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते.

तिथे काही नसते, सगळे पोकळ असते, असे सांगावे, म्हणजे याला बरे वाटेल, असे पारिसाला वाटले. पण धीर देण्यासाठी तो एकदा खोटे बोलला होता.

"चांगलं असतं, हिंदुराव," तो म्हणाला. "लई चांगलं असतं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात. ओळख ना पाळख, तरी."

हिंदुराव लक्ष देऊन ऐकत होता, न पाहिलेल्या तीर्थाचे वर्णन ऐकावे तसा.

"आणि तुम्ही?"

"मी तुमच्याकडं बघत होतो," पारिसा म्हणाला.

हिंदुरावने तोंड फिरवले. त्याचे खांदे हलू लागले. अठरा वर्षे मैदानात पडलेला तो गडी लहान मुलासारखा रडला, आणि पारिसा त्याच्याजवळ बसून राहिला. त्याने सांत्वन केले नाही, पुढच्या वर्षाचे नावही काढले नाही.

आपण कोणाचे आहोत, हे माणसाला बहुधा हरतानाच कळते; आणि ते कळल्याने हरण्याचे दुःख तीळभरही कमी होत नाही.