पहिली काठवट ओढ्याची

डोंगराच्या पोटात सोनं होतं, तेव्हाची ही गोष्ट नाही बाळांनो. सोनं संपलं, त्यानंतरची आहे.

सोनखडी नावाचं गाव. लांबलांबून माणसं आली, त्यांनी डोंगर खणला, बोगदे पाडले, सोनं नेलं. मागं उरलं खाणीच्या तोंडावरचं एक भलंमोठं गंजलेलं चाक आणि पांढऱ्या दगडांचे ढीग. ओढ्याचं बरंचसं पाणी बोगद्यांत शिरलं, ते तिथंच अडकलं. ढिगांवर मात्र बहावा फुलायचा, असा पिवळाधमक, की वाटावं, डोंगरानं चिमूटभर सोनं लपवून ठेवलं होतं, ते आता हळूच बाहेर काढलं.

तिथं फुलवंती राहायची, आपल्या बाबांबरोबर. दोघं सोनं धुवायची. म्हणजे कसं, लाकडाच्या उथळ काठवटीत ओढ्याची वाळू घ्यायची आणि पाण्यात गोल गोल हलवायची. वाळू वाहून जाते, जड सोनकण तळाशी राहतो. दिवसभरात एखादा कण मिळायचा, मोहरीएवढा. त्यावर चूल पेटायची. आणि त्यांची एक रीत होती. पहिली काठवट भरायची ती न धुता, न बघता परत ओढ्यात सोडायची. पहिली ओढ्याची, मग आपली.

त्या वर्षी ओढा आटला. एका सकाळी बाबा गाठोडं बांधायला बसले. म्हणाले, आता पाणीच नाही, उद्या गाव सोडायचं. आई गेली होती, पण तिनं लावलेला बहावा दारात होता. त्याला कोण पाणी घालणार? तिनं विनवलं, आज एक कण मिळाला तर थांबायचं का? बाबा हसले. म्हणाले, बघ बाई, तुझा ओढा रुसला नसला तर.

फुलवंती धावतच गेली. डबक्यात पाणी उरलं होतं जेमतेम एका काठवटीपुरतं. तिनं वाळू भरली, आणि वाळूत काय लखलखलं म्हणता! बोराएवढं सोनं! पण काठवट होती पहिली. पाणीही एकदाच पुरणारं.

तिनं डोळे गच्च मिटले आणि काठवट ओढ्यात पालथी केली.

छुनछुन आवाज आला. मग एक इवलीशी शिंक. डोळे उघडते तो काय, वाळूवर अंगठ्याएवढी परी उभी. पंख बहाव्याच्या पाकळ्यांचे, झगा अभ्रकाचा, केसांत वाळूच वाळू.

"ते सोनं म्हणजे मीच. धुतलं असतंस तर मी कायमची सोन्याचा गार खडा झाले असते," ती केस झटकत म्हणाली. "तू सोडलंस, म्हणून सुटले. माग काहीतरी. पण माझे नियम आहेत हं. मागणं एकच. सोनं मागायचं नाही, ते माझ्याकडे उरलंच नाही. आणि एकदा तोंडातून गेलं, की गेलं."

फुलवंतीला काय आनंद झाला! मनात शंभर गोष्टी नाचायला लागल्या. पण जिभेला लागलेली सवय ती.

"पहिलं ओढ्याचं," ती बोलून गेली.

आणि तिनं तोंडावर हात ठेवला. एकच मागणं, तेही गेलं. डोळ्यांतून टपटप पाणी आलं. परीनं तिच्या बोटाला गाल लावला.

"रडू नकोस, चिमणे. ओढ्यालाही मन असतं. त्याला काय हवंय, ऐक तरी."

ओढ्याला काय हवं असणार? त्याचं पाणी. डोंगर आतून गुरगुरला. गंजलेलं चाक कर्रकर्र करत फिरलं. बोगद्यांत अडकलेलं पाणी चंदेरी उड्या मारत, फेस उडवत खाली आलं, आणि बोगद्यांच्या फटींतली झळझळती वाळू घेऊन आलं. फुलवंती भिजली, हसली, नाचली. आवाज ऐकून बाबा धावत आले, तेही गुडघाभर पाण्यात उभे राहून लहान मुलासारखे हसायला लागले.

परी उंच उडाली. पिवळा उजेड झाली, आणखी पिवळा, डोळे दिपवणारा, आणि बहाव्याच्या झुंबरांत विरून गेली.

फुलवंतीनं काठवट भरली आणि ओढ्यात सोडली. मग दुसरी भरली. तळाशी मोहरीएवढा एक कण हसत होता.

संध्याकाळी बाबांनी गाठोडं सोडलं, आणि फुलवंतीनं पहिला तांब्या दारातल्या बहाव्याला घातला. तो अजून फुलतोय, आणि ओढा अजून वाहतोय.